बोटं हालून राहिले का?

लसीकरणाचा दिवस होता. उपकेंद्रात सकाळपासून बाया लेकरं घेऊन बसलेल्या, आशाताई नावं वाचून राहिल्या होत्या, मी एका लेकराच्या मांडीत सुई टोचली अन तेवढ्यात वहिनीचा व्हिडिओ कॉल. मी कट केला. परत आला. परत कट केला. तिसऱ्यांदा आला तेव्हा उचलला, तर स्क्रीनवर नुसतं पांढरं पांढरं, वारा, अन वहिनीचा आवाज, "ताई, ह्यांच्यावर ते बर्फातलं गाडी पडलं वो, पाय मोडला त्यांचा, लय वरडून राहिले."

मी यवतमाळ जिल्ह्यात एका उपकेंद्रात सीएचओ, म्हणजे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर, आहे. नर्सिंग केलं, मग कोर्स केला, आता सहा वर्ष झाले. पाय मोडलेले माणसं मी आठवड्याला पाहाते. पण सख्खा भाऊ असला की शिकलेलं सगळं डोक्यातून उडून जाते हे मला त्या दिवशी कळलं.

दादाचं तालुक्याच्या गावी कृषी केंद्र आहे. बियाण्याचं टार्गेट पूर्ण केलं की कंपन्या डीलर लोकायला फिरायला नेतात, हे आपल्याकडं सगळ्यायलाच माहीत आहे, कोणी थायलंडला नेते कोणी गोव्याला. दादाला मागच्या फेब्रुवारीत काश्मीर भेटलं, वहिनीसकट. ज्या माणसानं जन्मभर मे महिन्यात ४५-४६ डिग्री सोसली त्यानं पहिल्यांदा बर्फ पाहिला, आम्हाला फोटो पाठवले, भाड्याचा लांब कोट, भाड्याचे गमबूट, अन चेहरा एकदम शाळकरी पोराचा. गुलमर्गला त्यांना स्नोमोबाईलवर बसवलं.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. समोर दोन पाट्या असतात बर्फावर घसरणाऱ्या, त्या हँडलनं वळतात, अन मागे एक रुंद रबरी पट्टा, पोकलेनच्या साखळीसारखा गोल फिरणारा, तो बर्फ मागे ढकलते अन गाडी समोर जाते. हँडल मोटरसायकलसारखंच, पण ॲक्सिलरेटर उजव्या अंगठ्यानं दाबायचा. वजन सव्वादोनशे, अडीचशे किलो, काही त्याच्याही वर. मोठ्या मशिनी ताशी १०० किलोमीटरच्या पार जातात. टूरवाल्या जागी एवढं पळवत नाहीत, समोर तिथला चालवणारा बसते अन मागे आपण.

झालं असं, की चढावर एका वळणावर समोरून दुसरी स्नोमोबाईल आली. दोघांनीही कट मारला. दादाची गाडी उताराच्या बाजूनं कलली, अन दादानं डावा पाय बाहेर टाकला.

मोटरसायकल घसरायला लागली की आपण पाय टेकवतो ना, तसाच. वीस वर्षाची सवय. पण मोटरसायकल शंभर-सव्वाशे किलोची अन ही त्याच्या दुप्पट, अन खाली डांबर नाही तर बर्फ, पाय रुतते तिथे, निघत नाही. वरून गाडी आली. गुडघ्याच्या खालच्या नळीचे दोन्ही हाडं मोडले. मी नंतर वाचलं की ह्या गाड्यांच्या अपघातात पाय मोडायची ही एक ठरलेली रीत आहे, तिकडे शिकवतानाच सांगतात की गाडी कलली तरी पाय फुटबोर्डवरच ठेवा, टेकवू नका. आपल्या माणसाला कोण सांगणार होतं. बसा म्हटलं, बसला.

तिथल्या पोरांचं मला मनापासून कौतुक वाटते. त्यांनी दादाला ओढून काढलं नाही. आधी इंजिन बंद केलं, चार-पाच जणांनी गाडी उचलून बाजूला केली, मग लाकडी स्लेज आणली, त्या स्लेजच्याच फळीला पाय जसा होता तसा मफलरनं बांधला, गुडघ्याच्या वरपासून तर पंज्यापर्यंत. बूट सैल करून काढला. ओला मोजा काढला. मग दोन ब्लँकेट. वहिनी म्हणे, "मी म्हणत होती आधी दवाखान्यात न्या न्या, अन हे लोकं त्यायले ब्लँकेट गुंडाळत बसले." पण ते बरोबरच करत होते. बर्फात पडलेल्या जखमी माणसाचा अर्धा वैरी थंडी असते. अंगाचं तापमान ३५ डिग्रीच्या खाली गेलं की रक्त नीट गोठत नाही, जखम असली तर वाहतच राहाते, वाहिलं की अंग अजून थंड पडते, असं ते चक्र. आपल्याकडं वाटते हे बर्फाळ देशाचं दुखणं आहे, पण ऑगस्टमध्ये भर पावसात चिखलात तासभर पडून राहिलेला ट्रॅक्टरखालचा माणूस मी हातानं चाचपला आहे, तोही असाच गार पडते. आपण त्याला पाणी पाजतो, कांदा हुंगवतो, अन ओले कपडे तसेच ठेवतो.

एक गोष्ट ऐकून मला जरा लागलं. दादानं आतमध्ये सुती बनियन अन सुती मोजे घातले होते, तर तिथला एक जण म्हणाला की बर्फात कॉटन कधी घालायचं नाही, भिजलं की अंगातली गर्मी ओढून घेते, लोकर ओली झाली तरी ऊब धरते. आम्ही कापसावर जगलेले लोक. पण खरं आहे ते.

तर मी इकडे फोनवर. आजूबाजूला लेकरं रडून राहिले. मी वहिनीला म्हटलं पाय दाखव, तर तिला समजेना काय दाखवायचं, फोन हालून राहिला, अन तेवढ्यात रेंज गेली. दोन तास काहीच कळलं नाही. तिथून खाली टंगमर्ग, मग तिथून श्रीनगर, सगळं मिळून पन्नासेक किलोमीटर, पण बर्फात चाकाला साखळ्या लावून गाडी चालते ती किती पळणार.

ह्या दोन तासात मी लसीकरण उरकलं अन घरी गेली. बाबा ओट्यावर बसले होते, तुरीच्या शेंगा सोलत. मी सांगितलं. आई लगेच रडायला लागली, देवाजवळ गेली. बाबा काही बोलले नाही बराच वेळ, सोलणं चालूच, अन मग मान खालीच ठेवून विचारलं,

"बोटं हालून राहिले का त्याचे?"

सहा वर्ष नोकरी केलेल्या मला जो प्रश्न सुचायला पाहिजे होता तो चौथी शिकलेल्या बाबांनी विचारला. कारण त्यांना तो प्रश्न कोणी विचारला नव्हता.

१९९९ चा हिवाळा. मी तिसरीत होती. कापूस घेऊन शेजारच्या काकाचा ट्रॅक्टर चालला होता संकलन केंद्रावर, बाबा मडगार्डवर बसले होते, तेव्हा सगळेच बसत, आताही बसतात. नाल्याच्या उतारावर ट्रॉलीनं मागून दाब दिला, ट्रॅक्टर आडवा झाला, बाबांनी उडी मारायला पाय खाली टाकला अन ट्रॉलीचा दांडा नळीवर आला. गुडघ्याच्या खाली. डावाच पाय. दादाचंही डावंच.

तेव्हा १०८ नव्हती, ती आपल्याकडं २०१४ मध्ये आली. तालुक्याला दवाखाना होता पण तिथून यवतमाळला पाठवतील, तिथे ऑपरेशन, पैसे, अन बोंड वेचायची वेळ. सगळ्यायनं म्हटलं हाडवैद्याकडं न्या, अमक्याचा हात बसवला, तमक्याच्या बैलाचा पाय बसवला. बंडीत टाकून नेलं. त्यानं पाय ओढून सरळ केला, कसल्यातरी पाल्याचा लेप लावला, बांबूच्या कमच्या लावल्या अन दोरीनं आवळून बांधलं. म्हणे आठ दिवस सोडायचं नाही, कितीही दुखलं तरी.

बाबा दोन रात्री ओरडले. मला तो आवाज आठवते. आमचे बाबा ओरडणारे माणूस नव्हते, पायात काटा गेला तर सुईनं स्वतः काढत, तो माणूस रात्रभर "सोडा रे, कोणी तरी सोडा रे हे" म्हणत होता, अन घरातले मोठे लोक त्यांना धरून बसले होते की सोडलं तर हाड वाकडं बसन. दादा तेव्हा आठवीत. तो दोरी सोडायला उठला होता तर त्याला आजोबानं मारलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा शांत झाले. दुखणं थांबलं. आईनं मारोतीला नारळ फोडला.

सातव्या दिवशी वास यायला लागला. बोटं काळी. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा गुडघ्याखालून पाय काढण्याशिवाय काही उरलं नव्हतं. तिथल्या डॉक्टरनं आईला विचारलं म्हणे, दुखणं थांबलं तेव्हा तरी का नाही आणलं. आई म्हणाली, दुखणं थांबलं म्हणून तर नाही आणलं.

हे सगळं काय होते ते मला कितीतरी वर्षानं, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला, वर्गात कळलं. सर फळ्यावर पायाचा आडवा छेद काढून शिकवत होते अन मी वही बंद करून बाहेर गेली.

सोप्या भाषेत सांगते. गुडघ्याखालच्या पायातलं मांस मोकळं नसते, ते चार कप्प्यात बंद असते. संत्र्याच्या फोडीवर जशी पातळ साल असते ना तसं प्रत्येक कप्प्यावर एक आवरण असते, फक्त हे आवरण चिवट, ताणत नाही. हाड मोडलं की आत रक्तस्राव होते, सूज येते. साल काही फुगत नाही, मग आतला दाब वाढते. वाढता वाढता तो एवढा होते की बारीक रक्तवाहिन्या दबतात अन मांसाला रक्तच पोहोचत नाही. मांस उपाशी मरायला लागते. साधारण सहा तास. त्याच्या पुढे जे मेलं ते परत येत नाही. ह्याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात, अन अंगातल्या सगळ्या हाडात नळीचं हाड मोडल्यावर हे सगळ्यात जास्त दिसते, त्यातही जवान पुरुषात, कारण मांस भरलेलं असते अन आत जागा कमी.

आता त्याच्यावरून कमच्या लावून दोरी आवळा. आतून सूज, बाहेरून दोरी. रिचर्ड फॉन फोल्कमान नावाच्या जर्मन सर्जननं १८८१ मध्येच लिहून ठेवलं होतं की आवळून बांधल्यानं रक्त बंद होऊन हाताचे स्नायू मरतात अन हात कायमचा वाकडा होते. १८८१. आमच्या गावात १९९९ मध्ये पोहोचलं नव्हतं. अन खरं सांगायचं तर आजही अर्ध्या गावात पोहोचलं नाही.

अन दुखणं थांबणं. नसा मेल्या की दुखत नाही. एवढंच.

तर रात्री आठ वाजता वहिनीचा फोन लागला. श्रीनगरच्या दवाखान्यात पोहोचले होते, एक्स-रे झाला, मागून कच्चं प्लास्टर लावलं, अन दादा झोपून होता. मी म्हटलं त्याच्या तोंडाजवळ फोन धर. म्हटलं दादा, दुखते का. म्हणे, "इंजेक्शन दिलं तरी वाढूनच राहिलं बे, फाटते असं वाटते आतून." म्हटलं अंगठा हालव. हालवला, थोडासा. म्हटलं वहिनी, तू त्याचा अंगठा धरून हळूच वर कर. तिनं केला अन दादा असा किंचाळला की इकडे ओट्यावर बाबांनी ऐकलं.

माझे हात गार पडले. हेच ते लक्षण आहे. दुखण्याचं मोजमाप जखमेपेक्षा मोठं, इंजेक्शननंही न थांबणारं, अन बोट दुसऱ्यानं ताणलं की जीव जाणं. मुंग्या येणं, बोट बधिर होणं हे त्याच्या मागून येते. पोटरी हाताला लाकडासारखी लागते. अन एक गोष्ट डॉक्टर नसलेल्या सगळ्यायनं ध्यानात ठेवा, पायाची नाडी लागते म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका, नाडी शेवटपर्यंत लागू शकते. बारीक वाहिन्या आधी दबतात, मोठी धमनी चालूच असते.

म्हटलं वहिनी, आत्ताच्या आत्ता ड्युटीवरच्या डॉक्टरला बोलाव, अन हेच शब्द सांग, की इंजेक्शन देऊन पण दर्द बढ रहा है अन अंगठा उठाने से चिल्लाते हैं. तिचं हिंदी तुटकं, पण ती गेली. अन तिथले डॉक्टर आले, लगेच आले, प्लास्टर अन आतला कापूस सगळा कापून मोकळा केला, पाय छातीच्या लेव्हलला ठेवला, फार उंच नाही कारण फार उंच केला तर रक्त पोहोचायलाच अजून त्रास. अर्धा तास पाहिलं. सुई टाकून दाब मोजला. खालचं बीपी अन आतला दाब ह्याच्यात ३० पेक्षा कमी फरक उरला तर वाट पाहायची नसते. अकराच्या आत दादा ऑपरेशन थिएटरमध्ये होता.

काय करतात तर पायाच्या दोन्ही बाजूनं लांबलचक चिरा देतात, चारही कप्प्यांचे आवरण उघडतात. मांस बाहेर फुगून येते. टाके घालत नाहीत. जखम उघडीच, ओल्या ड्रेसिंगखाली, चार-पाच दिवस, सूज उतरेपर्यंत. हाडाला बाहेरून सळ्या लावून फ्रेम बसवतात. वहिनीनं दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग बदलताना पाहिलं अन तिला चक्कर आली, मला फोन करून म्हणे, "ताई, यायनं तर पाय खाटकासारखा फाडून ठेवला." मी म्हटलं वहिनी, बाबांचा कोणी असा फाडला असता तर आज दोन पायानं चालले असते.

त्या रात्री बाबा झोपले नाही. त्यांचा जयपूर फूट खाटेखाली होता, काढून ठेवलेला. १९६८ च्या सुमारास जयपूरला रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिरानं अन डॉ. प्रमोद करण सेठींनी बनवला तो पाय, चिखलात चालते, मांडी घालून बसता येते, बिनबुटाचा वावरात जाता येते. आमचं अर्ध आयुष्य त्या रबरावर उभं आहे. दादाचं ऑपरेशन झालं, बोटं गरम आहेत, हालतात, असा फोन पहाटे आला तेव्हा बाबांनी तो पाय चढवला अन वावरात गेले. दिवसभर आले नाही.

पुढचं पटकन सांगते. पाचव्या दिवशी एक बाजू शिवली, दुसऱ्या बाजूला मांडीची कातडी काढून लावली, अन हाडात रॉड टाकला. हाडाच्या पोकळीत रॉड टाकायची ही रीत जर्मनीतल्या गेरहार्ड क्युंटशरनं १९३९ मध्ये सुरू केली, त्याच्या आधी लोक तीन-तीन महिने वजन लटकवून खाटेवर पडून राहात. दोन आठवड्यानं विमानानं नागपूर. घरी वॉकर, मग कुबड्या, मग काठी, सात महिने. फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून दोनदा यवतमाळ. हाडापेक्षा घोट्यानं जास्त रडवलं, घोटा वरच येत नव्हता. आता दुकानात बसते, थोडा लंगडते, थंडीत रॉडचा स्क्रू टोचते म्हणते. पाय आहे.

ह्या सात महिन्यात रात्री मी ह्या गाडीबद्दल लय वाचलं. का वाचत होती मलाच माहीत नाही, जिच्यामुळं झालं तिचं सगळं माहीत पाहिजे असं काहीतरी. कॅनडात, अलास्कात, फिनलंड-स्वीडनमध्ये ही गाडी म्हणजे आपल्या मोटरसायकलसारखी, शेतकरी, शिकारी, रेनडिअरवाले सगळे चालवतात. अन तिथले अपघात वाचले तर वाटलं हे तर आपल्याच तालुक्याचं चाललं आहे. दारू पिऊन रात्री चालवणं. झाडावर धडकणं. हेल्मेट न घालणं. गोठलेल्या तळ्याचा बर्फ पातळ निघून आत जाणं, जसं आपल्याकडं पुलावरून पाणी असताना गाडी घालतात. अंधारात न दिसलेली कुंपणाची तार गळ्यात लागणं, ते वाचताना मला संक्रांतीच्या दिवसातला नायलॉन मांजा आठवला, नागपुरात गाडीवर चालणाऱ्यांचे गळे चिरतात तो. आडवं येणारं जनावर, आपल्याकडं रोही अन रानडुक्कर. अन सगळ्यात मोठं म्हणजे अंतर. माणूस जिथे पडला तिथून दवाखाना लांब, रस्ता नाही.

अन मग मला ह्या गाडीच्या जन्माची गोष्ट सापडली. कॅनडातल्या क्युबेकमध्ये व्हॅलकूर नावाच्या गावी जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए नावाचा एक मेकॅनिक होता, गॅरेज होतं त्याचं. १९३४ च्या हिवाळ्यात त्याच्या दोन वर्षाच्या पोराला अपेंडिक्स झालं, आतच फुटलं. दवाखाना होता, पण रस्त्यावर बर्फ, अन बर्फावर चालणारी धड गाडी त्याच्याकडं नव्हती. पोरगं गेलं. तो आधीपासून बर्फावर चालेल अशी गाडी बनवायचा प्रयत्न करतच होता, त्याच्यानंतर तो त्यातच बुडाला, अन १९३७ मध्ये सात माणसं बसतील अशी गाडी बाजारात आणली. पुढं बारा माणसांची आली. ती डॉक्टरनं घेतली, पोस्टवाल्यानं घेतली, शाळेच्या पोरांसाठी घेतली, ॲम्ब्युलन्स म्हणून वापरली. एकट्या-दुकट्यानं बसायची छोटी, जी दादाच्या पायावर पडली तिची थोरली बहीण, ती १९५९ ची.

हे वाचून मी रात्री एक वाजता रडली. ती गाडी एका बापानं दवाखान्यापर्यंत पोहोचायला बनवली होती. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचा तालुका तुटते, खाटेची कावड करून बाळंतीण नेतात, हे तर आपण दर पावसाळ्यात पेपरात पाहातोच. आमच्या इकडं तेवढं नाही, पण ज्या नाल्यावर बाबांचा ट्रॅक्टर पलटला तिथे पूल व्हायला चौदा वर्ष लागले.

आता मी काय करते ते. उपकेंद्रात महिन्याच्या बैठकीत आशाताईंना, अन गावात बचत गटाच्या बायांना, अन ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोट्ट्यांना धरून धरून मी हे सांगते. मोडलेला पाय ओढायचा नाही, चोळायचा नाही, तेल नाही. उशी किंवा गोधडी पायाभोवती गुंडाळायची, बाजूनं फळी नाहीतर जाड तुऱ्हाटी, अन दुपट्ट्यानं बांधायचं, असं की दुपट्ट्याखालून बोट जाईल. गुडघा अन घोटा दोन्ही हालले नाही पाहिजे. जोडवे, कडं, बूट आधीच काढा, सूज आली की निघत नाही. हाड बाहेर आलं असेल तर आत ढकलायचं नाही, स्वच्छ ओला कपडा झाकायचा, अन तिथे अँटिबायोटिक जितक्या लवकर तितकं चांगलं, म्हणून वेळ लावू नका. खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. किती वाजता मोडला ते लिहून घ्या, हातावर पेननं लिहा, पण लिहा. १०८ लावा. रस्त्यावर पडलेल्याला उचलायला पोलिसाच्या भीतीनं थांबू नका, २०१९ च्या कायद्यानं मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, तुम्हाला नाव सांगायची पण सक्ती नाही. अन रस्त्यावरचा मोटर गाडीचा अपघात असेल तर २०२५ पासून केंद्राच्या योजनेत सात दिवसापर्यंत दीड लाखाचा इलाज विनापैशाचा आहे, ठरवलेल्या दवाखान्यात, हे विचारा, विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

प्लास्टर लावून घरी आला तरी पहिले दोन दिवस पाहात राहा. बोटं. रंग, गरम की गार, हालतात की नाही. दुखणं वाढत चाललं तर रात्रीचे दोन वाजले तरी परत जा.

हाडवैद्यांवर मी सरसकट चिडत नाही, त्यातल्या काही लोकांच्या हाताला खरंच समज असते, अन गरिबाजवळ दुसरं काय होतं. पण बांधून आठ दिवस सोडायचं नाही, हे वाक्य कोणीही म्हटलं, अगदी डिग्रीवाल्यानंही, तर ते ऐकायचं नाही.

ह्या पोळ्याच्या दोन दिवस आधी आमच्याच गावातलं चौदा वर्षाचं पोरगं मडगार्डवरून पडलं. नळी. मी पोहोचली तोपर्यंत त्याची आजी त्याला बंडीत टाकायच्या तयारीत, हाडवैद्याकडं, त्याच गावी, आता त्याचा मुलगा करते. मी समजावून राहिली, आजी ऐकेना, म्हणे, "तुमच्या दवाखान्यात पाय कापतेत वो मॅडम." लोकं जमलेले. मी फोन लावला, १०८ वाला म्हणे चाळीस मिनिटं.

तेवढ्यात बाबा आले. कोणी सांगितलं माहीत नाही. ते आजीच्या वयाचेच. आजीला म्हणाले, "माह्यं तिसऱ्या दिवशी दुखणं थांबलं होतं, शांते. तुह्या डोळ्यासमोर थांबलं होतं."

आजी काही बोलली नाही. पदर तोंडाला लावून बंडीच्या चाकाजवळ बसली.

बाबा पोराच्या पायाशी बसले, जयपूर फूटचा पाय लांब करून. चाळीसची पन्नास मिनिटं झाली गाडी यायला. तेवढ्या वेळात त्यांनी पोराला दुसरं काही विचारलं नाही, नाव नाही, वर्ग नाही. दर थोड्या वेळानं त्याच्या पंज्यावर हात ठेवायचे, गरम आहे का पाहायचे, अन म्हणायचे, हालव बेटा बोटं. पोरगं रडत रडत हालवायचं. गाडीत पण तेच बसले त्याच्याजवळ, मी समोर ड्रायव्हरच्या बाजूला, अन यवतमाळपर्यंत मागून आवाज येत होता, हालव बेटा.